काळ्या पाषाणाची चुंबकीय साक्ष : पाटणच्या खोऱ्यातून दिसणारा एक शोधेतिहास

सातारा जिल्ह्यातील पाटण हे गाव कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. गावाच्या कोणत्याही बाजूस दृष्टी टाकली तरी एकच रचना दिसते. डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा सडा, उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत आलेला काळा कातळ, आणि पायथ्याशी त्याच कातळाच्या झिजेतून आलेली नदीतील काळसर रेती. या रेतीत चुंबक फिरविला असता काळे कण त्यास चिकटून येतात, हा अनुभव शाळकरी मुलांसही असतो. कातळाच्या काही उघड्या माथ्यांवर होकायंत्र ठेवले असता त्याची सुई नेहमीची दिशा सोडून भरकटते, हा भूमापकांचा जुना अनुभव. पण त्याच कातळाच्या पोकळीत सापडणारी पांढरी गारगोटी चुंबकास काहीच दाद देत नाही असे वाटते, आणि लोखंडाने लालभडक झालेला माथ्यावरील जांभाही सामान्य चुंबकास बहुधा चिकटत नाही.

एकाच डोंगरातील या पदार्थांची चुंबकापुढील वर्तणूक अशी निरनिराळी का असावी, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न झाला. परंतु या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा इतिहासाकडे जातो. हा कातळ कधी व पृथ्वीच्या कोणत्या अक्षांशावर थिजला, याची नोंद त्याच्या चुंबकत्वात आहे, आणि ती नोंद वाचण्याचा प्रयत्न गेल्या शतकाच्या मध्यापासून झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नाचा आढावा घ्यावयाचा आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी अशी अपेक्षा आहे. खडकाची साक्ष मिळविणे हे त्या इतिहासातील तुलनेने सोपे काम होते. खडकातील कोणत्या कणाची साक्ष ग्राह्य धरावयाची हे ठरविणे अवघड होते, आणि त्यासाठी पदार्थांच्या चुंबकीय वर्तणुकीचे ज्ञान हेच एकमेव साधन होते.

१. पदार्थांचे वर्ग

चुंबकत्व हा लोखंडाचा व चुंबकपाषाणाचा खास गुण होय, अशी समजूत दीर्घकाळ होती. विल्यम गिल्बर्ट याच्या १६०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही चर्चा मुख्यतः याच दोन पदार्थांची आहे. बिस्मथ धातू चुंबकापासून दूर सरतो हे ब्रुगमान्स याने १७७८ मध्ये नोंदविले. पण त्या निरीक्षणाचा अर्थ उलगडला नाही. मायकेल फॅरडे याने १८४५ च्या नोव्हेंबरात शिसेयुक्त जड काचेचा तुकडा प्रबळ विद्युत्‌चुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगला, तेव्हा तो तुकडा क्षेत्रास आडवा होऊन स्थिरावला. त्यानंतर फॅरडेने हाती येईल तो पदार्थ तपासून पाहिला व असा निष्कर्ष काढला की चुंबकीय क्षेत्रास सर्वच पदार्थ प्रतिसाद देतात. फरक प्रतिसादाच्या दिशेचा व प्रमाणाचा असतो. क्षेत्रापासून दूर सरणारे ते प्रतिचुंबकीय व क्षेत्राकडे किंचित ओढले जाणारे ते समचुंबकीय, हे वर्गीकरण तेथून रूढ झाले.

प्येअर क्यूरी याने १८९५ मध्ये तापमानाचा परिणाम मोजला. समचुंबकीय पदार्थाचा प्रतिसाद निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, प्रतिचुंबकीय पदार्थाचा मात्र तापमानाने जवळजवळ बदलत नाही, आणि लोखंडासारख्या पदार्थाचे प्रबळ चुंबकत्व एका ठराविक तापमानास नाहीसे होते, हे त्याने दाखविले. लांझव्हँ याने १९०५ मध्ये पहिल्या दोन वर्गांची, तर वाइस याने १९०७ मध्ये लोहचुंबकत्वाची उपपत्ती मांडली. मॅग्नेटाइटाचे कोडे मात्र पुढे चाळीस वर्षे तसेच राहिले. त्यातील लोहअणूंचे चुंबकत्व मिळवून बेरीज केली तर ती प्रत्यक्ष मापनापेक्षा पुष्कळच अधिक येई. लुई नेएल याने १९४८ मध्ये त्याचा उलगडा केला. या स्फटिकात लोहअणू दोन गटांत विभागलेले असतात, ते गट परस्परविरुद्ध दिशांना रोखलेले असतात, आणि दोहोंचे बळ असमान असल्यामुळे वजाबाकीनंतर जे शिल्लक राहते तेच बाहेर दिसते. यास फेरीचुंबकत्व म्हणतात. दोन्ही गट समबल असतील तर शिल्लक जवळजवळ शून्य येते. ते प्रतिलोहचुंबकत्व होय.

आता पाटणच्या डोंगराकडे पुन्हा पाहावे. कातळाच्या पोकळ्यांतील गारगोटी, कॅल्साइट व झिओलाइट हे प्रतिचुंबकीय. गारगोटीची चुंबकीय प्रवृत्ती आंतरराष्ट्रीय एककांत दहा लाखांत सुमारे १४ भाग, आणि तीही ऋण. कातळाचा काळेपणा ज्या पायरॉक्सीन खनिजामुळे येतो ते समचुंबकीय. त्यात लोह आहे, परंतु त्याचे अणू एकमेकांशी बांधलेले नाहीत. कातळात शेकडा काही भाग एवढेच असलेले टिटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटाचे सूक्ष्म कण फेरीचुंबकीय होत. शुद्ध मॅग्नेटाइटाची प्रवृत्ती एकाच्या घरात, म्हणजे गारगोटीच्या मानाने लक्षपटीहून अधिक असते. होकायंत्राची सुई भरकटते ती या अल्पसंख्य कणांमुळे. जांभ्यातील हेमॅटाइट व गोएथाइट यांत लोह विपुल आहे. परंतु त्यांची अणुरचना प्रतिलोहचुंबकीय असल्याने बाहेरचा परिणाम क्षीण राहतो.

या शेवटच्या गोष्टीचा पुरावा येथील जुन्या उद्योगात सापडतो. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातील लोहमाती कोळशाच्या भट्टीत भाजून लोखंड काढीत असत. अशी माती कोळशाबरोबर तापविली की तिच्यातील प्राणवायूचा काही अंश निघून जातो, हेमॅटाइटाचे मॅग्नेटाइट होते, आणि आधी चुंबकास न जुमानणारी माती आता त्यास चिकटते. लोह तेवढेच राहिले, अणूंची मांडणी मात्र बदलली. पदार्थात लोह किती आहे यावरून त्याचे चुंबकत्व ठरत नाही, हा धडा धावडांच्या भट्टीपाशीच मिळण्यासारखा आहे.

२. थिजताना राहिलेली आठवण

क्षेत्र असेपर्यंत प्रतिसाद देणे वेगळे आणि क्षेत्र गेल्यावर त्याची खूण जपणे वेगळे. पहिला गुण सर्व पदार्थांत आहे, दुसरा थोड्याच पदार्थांत. लोहाराने तापविलेली लोखंडी कांब दक्षिणोत्तर ठेवून थंड होऊ दिली तर ती चुंबक बनते, हे गिल्बर्टने लिहून ठेवले होते. हीच गोष्ट ज्वालामुखीच्या खडकास लागू पडते हे इटलीतील मेल्लोनी याने १८५३ मध्ये दाखविले. व्हेसूव्हियसच्या लाव्हाचे तुकडे तापवून पुन्हा थंड केले असता ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या दिशेने चुंबकित होतात, असे त्यास आढळले.

या क्रियेचे मर्म असे आहे. शुद्ध मॅग्नेटाइटाचे चुंबकत्व ५८० अंश सेल्सिअसला नाहीसे होते. टिटॅनियम जितके अधिक तितके हे तापमान खाली येते. लाव्हा थिजून त्याखाली उतरला की प्रत्येक कण चुंबकित होतो, परंतु उष्णतेच्या हालचालीने त्याची दिशा वारंवार उलटत राहते. तापमान आणखी उतरले म्हणजे ही उलथापालथ थांबते आणि त्या क्षणी पृथ्वीच्या क्षेत्राची जी दिशा असेल तिच्याकडे थोडासा कल राखून कण गोठतात. नेएलने १९४९ मध्ये या गोठण्याचा हिशेब मांडला. कणाचा आकार व त्याचे स्थैर्य यांचा संबंध अतिशय तीव्र असल्याचे त्यावरून दिसून आले. योग्य आकाराचा, एकाच चुंबकीय प्रांताचा बारीक कण पृथ्वीच्या वयाइतका काळ दिशा जपू शकतो. त्याहून बराच लहान कण मिनिटभरात ती विसरतो. आणि मोठा कण अनेक प्रांतांत विभागला जाऊन नव्या क्षेत्रापुढे सहज वाकतो. एकाच कातळात हे तीनही प्रकारचे साक्षीदार शेजारीशेजारी बसलेले असतात.

या अवशिष्ट चुंबकत्वाने लवकरच एक अनपेक्षित वार्ता दिली. फ्रान्समधील बेर्नार ब्रून याने १९०६ मध्ये एका लाव्हाचे व त्या लाव्हाखाली भाजल्या गेलेल्या मातीचे मापन प्रसिद्ध केले. दोहोंची दिशा आजच्या क्षेत्राच्या उलट होती. लाव्हा व माती यांतील खनिजे भिन्न असूनही साक्ष एक, म्हणून क्षेत्रच त्या काळी उलटलेले होते, असा त्याचा तर्क. जपानमध्ये मातुयामा याने १९२९ मध्ये असेच उलट दिशेचे खडक विशिष्ट भूकालाशी जोडून दाखविले. तथापि या निष्कर्षांवर विश्वास ठेवणारे त्या वेळी थोडेच होते.

३. कुलाबा व अलिबाग : पाषाण टाळण्याचा काळ

या विद्येशी मराठी मुलखाचा पहिला संबंध आला तो मात्र उलट बाजूने. मुंबईस कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. १८५९ च्या सप्टेंबरातील विख्यात चुंबकीय वादळाची नोंद तेथे झालेली आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने निरीक्षणे दूषित होतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या व नव्या मालिकेचा सांधा जुळविण्यात आला. १८४६ पासून १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या निरीक्षणांचा मूस यांनी सिद्ध केलेला संग्रह १९१० मध्ये प्रसिद्ध झाला व तो आजही उपयोगात आहे.

अलिबागच्या इमारतीसाठी जवळचा काळा दगड न वापरता पोरबंदरचा वालुकाश्म आणविण्यात आला, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आजचे क्षेत्र मोजणाऱ्यास कातळाचे स्वतःचे चुंबकत्व म्हणजे निव्वळ अडथळा. ज्या गुणामुळे काळा पाषाण वेधशाळेच्या भिंतीस अपात्र ठरला, तोच गुण पन्नास वर्षांनी त्यास प्रयोगशाळेत मानाचे स्थान देणार होता.

४. दख्खनचे खडक प्रयोगशाळेत

या बदलास एक फसलेला प्रयोग कारणीभूत झाला. ब्लॅकेट यांची कल्पना अशी होती की फिरणाऱ्या प्रत्येक प्रचंड वस्तूस केवळ फिरण्यामुळेच चुंबकत्व प्राप्त होत असावे. ती तपासण्यासाठी त्यांनी सोन्याचा मोठा दंडगोल घेतला व अत्यंत संवेदनशील चुंबकमापक तयार केला. सोने निवडले ते घनता मोठी व स्वतःचे चुंबकत्व नगण्य म्हणून. अपेक्षित परिणाम मिळाला नाही, आणि तसे त्यांनी १९५२ मध्ये स्पष्टपणे प्रसिद्ध केले. मात्र हाती आलेले उपकरण खडकांचे क्षीण अवशिष्ट चुंबकत्व मोजण्यास योग्य होते. ब्लॅकेट यांच्या गटातील क्लेग व त्यांचे सहकारी त्या कामास लागले.

याच सुमारास केंब्रिज येथे एड्वर्ड अर्व्हिंग हा विद्यार्थी दख्खनच्या काही नमुन्यांचे मापन करीत होता. भारत पूर्वी दक्षिण गोलार्धात होता असे वेगेनरने १९१२ पासून प्रतिपादिले होते, पण बहुसंख्य भूवैज्ञानिकांना ते मान्य नव्हते. अर्व्हिंगच्या मापनांचा कल वेगेनरच्या बाजूने होता. त्याचा प्रबंध १९५४ मध्ये केंब्रिजने नाकारला. खडकांच्या दिशांचा विखुरलेपणा कसा हाताळावा यासाठी रोनाल्ड फिशर यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेले गोलपृष्ठावरील संख्याशास्त्र केंब्रिजच्या याच कामाच्या निमित्ताने पुढे आले होते.

क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांचा भारतातील खडकांच्या चुंबकत्वावरील निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम रुजले. राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी क्लेग यांच्यासह राजमहाल ट्रॅपवर १९५८ मध्ये, तर डॉइच यांच्यासह दख्खन ट्रॅपवर १९५९ मध्ये लेखन प्रसिद्ध केले.

या मापनांचा अर्थ एका साध्या नियमाने लागतो. पृथ्वीचे क्षेत्र दीर्घकाळच्या सरासरीने अक्षावरील एका दंडचुंबकासारखे मानले, तर नतीची, म्हणजे क्षितिजाशी असलेल्या कलाची, स्पर्शज्या ही अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. पाटणचा अक्षांश उत्तर १७ अंश २२ कला. तेथे या नियमाने नती सुमारे ३२ अंश, उत्तरगामी टोक जमिनीकडे झुकलेले, अशी यावयास हवी. दख्खनच्या सरळ दिशेच्या लाव्हाथरांत मात्र उत्तरगामी टोक वायव्योत्तरेस व आकाशाकडे, सुमारे ४५ अंश वर, रोखलेले आढळते. ४५ अंशांची स्पर्शज्या एक. तिची निम्मी अर्धा. म्हणजे अक्षांश सुमारे २६ १/२ अंश, आणि टोक वर असल्यामुळे तो दक्षिण अक्षांश. निरनिराळ्या संशोधकांची उत्तरे दक्षिण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान येतात. दिशेचा पश्चिमेकडील कल पाहता भूमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळलेलीही आहे.

आज या लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे असल्याचे निश्चित झाले आहे. तेव्हापासून आजपर्यंतचे अंतर अक्षांशाने सुमारे ४४ अंश, म्हणजे सुमारे ४,९०० किलोमीटर. वर्षास सरासरी ७ सेंटिमीटरांहून थोडे अधिक. पाटणच्या कातळाने हा प्रवास केला, ही गोष्ट त्या कातळातील शेकडा काही भाग कणांच्या साक्षीवर उभी आहे.

५. साक्षीची उलटतपासणी

एवढ्या मोठ्या निष्कर्षास तेवढ्याच कडक परीक्षेची आवश्यकता होती. तिचे तीन भाग पडतात.

पहिली शंका खुद्द नेएलच्या उपपत्तीतून निघाली. विरुद्ध दिशांच्या दोन गटांचे बळ तापमानाबरोबर निरनिराळ्या रीतीने बदलत असेल, तर थंड होताना एखादा खडक क्षेत्राच्या उलट दिशेने आपोआप चुंबकित होणे शक्य आहे, असे त्यांनी १९५१ मध्ये मांडले. त्यानंतर लवकरच जपानात नागाता व उयेदा यांना हारुना पर्वताच्या खडकात हा प्रकार प्रत्यक्ष आढळला. मग दख्खनच्या खालच्या थरांत दिसणारी उलट दिशा ही क्षेत्राची की पदार्थाची? दिशेच्या आकड्यांवरून याचे उत्तर देता येत नाही. खडक तापवून, त्यातील खनिजे ओळखून व शेजारच्या भाजल्या मातीशी त्यांची तुलना करूनच ते द्यावे लागले. स्वतः उलटणारे खडक विरळ असल्याचे सिद्ध झाले. १९६३ नंतर कॉक्स, डोएल व डॅलरिम्पल यांनी निरनिराळ्या खंडांतील लाव्हांची वये काढून एकाच काळात सर्वत्र एकच दिशा दाखविली, तेव्हा ब्रूनचा तर्क मान्य झाला.

दुसरी शंका नंतर चढलेल्या चुंबकत्वाची. डोंगरमाथ्यावर वीज पडली की प्रबळ प्रवाहाने आसपासचा कातळ नव्याने चुंबकित होतो. कॉक्स यांनी १९६१ मध्ये याचे सविस्तर विवेचन केले. होकायंत्रास अतिशय भरकटविणारे माथे पुष्कळदा अशा वीज पडलेल्या जागा असतात, आणि तेथील नमुना जुन्या काळाविषयी सर्वांत कमी विश्वसनीय असतो. याखेरीज मोठे कण आजच्या क्षेत्राकडे हळूहळू वळतात, आणि हवापाण्याने कुजलेल्या कातळात नवी खनिजे जन्मून नवी दिशा धरतात. या आरंभीच्या काळात पुष्कळ मापने नमुना जसा मिळाला तशीच घेतली जात. पुढे उलटसुलट क्षेत्रात किंवा पायरीपायरीने तापवून नमुना ‘धुण्याची’ पद्धत रूढ झाली. तीत अस्थिर कणांचे चुंबकत्व आधी निघून जाते व स्थिर कणांचे मागे राहते.

मुंबईच्या गटाचे स्वतंत्र कार्य येथे पुढे येते. लिखिते, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी १९६५ मध्ये खनिजे व खडक यांचे चुंबकीय पाश रेखणाऱ्या, प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या विद्युत्‌चुंबकी उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. क्षेत्र वाढविता-घटविताना नमुना कसा वागतो, आणि द्रव नायट्रोजनाच्या तापमानापासून वर येताना त्याची प्रवृत्ती कशी बदलते, यावरून त्यातील कण बहुप्रांती, एकप्रांती की अतिसूक्ष्म, हे ओळखण्याकडे या गटाचे लक्ष वळले. बहुप्रांती मॅग्नेटाइट शून्याखाली सुमारे १५० अंशांच्या आसपास प्रवृत्तीचे शिखर दाखविते; स्थिर एकप्रांती कणांत ते दिसत नाही. दिशा मोजण्यापूर्वी साक्षीदाराची पात्रता तपासावी, असा या कामाचा अर्थ होता.

तिसरी शंका कातळाच्या मांडणीविषयी. सह्याद्रीच्या पश्चिम भागातील आरंभीच्या मापनांत खालचे थर उलट व वरचे सरळ दिशेचे आढळले, आणि हा बदल समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर होतो असे त्या वेळच्या निबंधांत मांडले गेले. उंची हीच जणू कालरेषा झाली. परंतु उत्तरकालीन रासायनिक व चुंबकीय अभ्यासाने असे दिसले की सह्याद्रीतील हे थर दक्षिणेकडे अगदी अल्प, एका अंशाहूनही कमी, कललेले आहेत. कल अर्धा अंश धरला तरी १०० किलोमीटरांत उंचीचा फरक सुमारे ८७० मीटर पडतो. म्हणून एका घाटात खरी ठरलेली उंची दुसऱ्या घाटात तशीच लावता येत नाही. दिशांची मापने चुकीची नव्हती; त्यांना जोडलेली समपातळी गृहीतक होती. आज उलट-सरळ बदलाची सीमा उंचीने न दाखविता महाबळेश्वर नावाच्या थरसमूहात दाखविली जाते, आणि खालचा जाड उलट भाग भूकालाच्या ‘२९ उलट’ या खंडात बसविला जातो. क्रेटेशस काळाचा अंत याच खंडात झाला. त्यामुळे दख्खनच्या उद्रेकाचा जीवसृष्टीच्या महान संहाराशी संबंध जोडण्याचा जो वाद १९८६ पासून विशेष गाजला, त्याचा पायाही याच कणांच्या साक्षीत आहे.

६. पुन्हा पाटणचे खोरे

हा सर्व इतिहास उघड्या कातळाचा होता. कोयनेच्या खोऱ्यात तो कातळाच्या पोटात शिरला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या विनाशक भूकंपानंतर या खोऱ्यातील भूकंपांचा अभ्यास अखंड चालला आहे. भूकंप जेथे उगम पावतात त्या खडकापर्यंत पोहोचावे या हेतूने २०११ नंतरच्या काही वर्षांत या परिसरात सुमारे दीड किलोमीटर खोलीची विंधनविवरे घेण्यात आली, आणि २०१७ मध्ये गोठणे येथील पथदर्शी विवर सुमारे ३ किलोमीटरांपर्यंत नेण्यात आले. कराड येथील विंधनविवर-भूभौतिकी प्रयोगशाळा याच कार्यासाठी आहे. एका विवरात काळ्या पाषाणाची जाडी तब्बल १,२५१ मीटर भरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस हे खडक आहेत. डोळ्यांना दिसणारा डोंगर हा लाव्हाच्या राशीचा केवळ वरचा भाग होय, हे यावरून कळते.

चुंबकीय दृष्टीने विवरातून निघालेल्या नमुन्याची अडचण लक्षात घ्यावी. पाटणजवळच्या दातेगडावरील कातळात खोदलेली विहीर घ्या. तिच्या भिंतीवरील दगड जागच्या जागी आहे. त्याची दक्षिणोत्तर दिशा नोंदवून तुकडा काढता येतो. त्याच गडाच्या तटातील रचलेले दगड घेतले तर त्यांच्या दिशा विस्कळित यावयास हव्यात, कारण पाथरवटाने ते कसेही फिरवून बसविले. तसे न आढळता सर्व दगडांची दिशा एकच निघाली, तर ते चुंबकत्व तट बांधल्यानंतर चढलेले, म्हणून जुन्या काळाच्या दृष्टीने निरुपयोगी, असे ठरेल. ग्रॅहॅम यांनी १९४९ मध्ये गोट्यांच्या खडकासाठी सुचविलेली कसोटी ती हीच. विवरातील दंडगोल मात्र या दोहोंच्या मधला. त्याचे वर व खाली ठाऊक असते, पण यंत्र फिरत असल्याने दिक्पात हरवलेला असतो. उरते ती केवळ नती.

दख्खनच्या बाबतीत नतीही पुष्कळ सांगते. सरळ थरांत उत्तरगामी टोक वर व उलट थरांत खाली, म्हणून केवळ चिन्हावरून थराचा वर्ग ठरावा. परंतु येथेच सावध राहावयास हवे. आज पाटणला पृथ्वीचे क्षेत्र खालच्या बाजूस झुकलेले आहे, आणि विंधनाच्या पोलादी नळीमुळे नमुन्यावर चढणारे चुंबकत्वही बहुधा खालीच रोखलेले असते. म्हणजे दोन्ही दोष उलट थराच्या खुणेशी जुळणारे आहेत. सरळ दिशेचा थर मोठ्या, विसराळू कणांचा असेल तर न धुतलेला नमुना ‘उलट’ म्हणून नोंदविला जाईल, आणि आकडे परस्परांशी इतके सुसंगत दिसतील की शंकाही येणार नाही. भारत दक्षिण गोलार्धातून उत्तर गोलार्धात आला म्हणूनच ही विशिष्ट फसगत संभवते; ज्या सत्याचा शोध घ्यावयाचा तेच सत्य येथे चकवा निर्माण करते. तिच्यावर उपाय तोच जुना : कण कोणत्या जातीचा, किती आकाराचा व किती स्थिर, हे आधी पाहणे.

समारोप

फॅरडेच्या टांगलेल्या काचेपासून कोयनेच्या विवरापर्यंत हा विषय एका सूत्राने बांधलेला आहे. सर्व पदार्थ क्षेत्रास प्रतिसाद देतात, काहीच पदार्थ त्याची आठवण ठेवतात, आणि त्यांतीलही थोडेच ती खरी ठेवतात. दख्खनच्या चुंबकत्वाच्या अभ्यासात ज्या ज्या वेळी निष्कर्ष सुधारावे लागले, त्या त्या वेळी एक तर साक्षीदाराची जात तपासावयाची राहिली होती, किंवा तो उभा असलेली जमीन सपाट आहे असे मानून चालले होते. अर्व्हिंगचा प्रबंध नाकारला गेला तरी त्याचा निष्कर्ष टिकला. २,००० फुटांची रेषा निबंधांतून प्रसिद्ध झाली तरी टिकली नाही. दोहोंचा निवाडा त्याच कणांकडून झाला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे सह्याद्रीच्या घाटांतून नमुने गोळा करतील, त्यांनी पहिल्या दिवशी एक साधा प्रयोग जरूर करावा. पाटणच्या नदीकाठची मूठभर रेती, सड्यावरील जांभ्याचा खडा, कातळाचा ताजा तुकडा व त्यातील गारगोटी ही चारही एकाच चुंबकापुढे धरावीत आणि प्रत्येकाच्या वर्तणुकीचे कारण लिहून काढावे. ते नीट लिहिता आले म्हणजे पुढील मापनांच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवावयाची, याचाही अंदाज येऊ लागेल.